सात नंबरचा देव

२४ नोव्हेंबर, सोमवार. खांब, ता. रोहा

हर्षद सरांनी आज फर्मान काढलं, दौऱ्याची रोजनिशी प्रत्येकाने लिहायची, परत आल्यावर कॉलेजच्या वार्षिकात छापणार. ती मी लिहीनच. 'तेथील शिस्त पाहून आम्ही भारावून गेलो' असली चार वाक्यं आत्ताच तयार ठेवली आहेत, अजून विमानतळसुद्धा बघितलेला नसताना. ही वही वेगळी. हिच्यात मनात येईल ते लिहिणार आणि कोणी वाचायला मागितली तर चुलीत घालणार.

तर व्हिएतनाम. रोह्याच्या आमच्या केमिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली बारा पोरं, हर्षद सर, आठवडाभराचा दौरा, आणि त्यात एक दिवस रंगाची रसायनं बनवणारा कारखाना. तो एक दिवसच खरा. तिथे आमच्यातल्या दोघांना वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी निवडणार आहेत. मला त्या दोघांत यायचंय. बोटीत बसून डोंगर बघणं वगैरे वर्गातल्या प्रणितला लखलाभ.

बाबा काही बोलत नाहीत. मी केमिकल घेतलं तेव्हापासून बोलत नाहीत. स्वतः रोह्याच्या कंपनीत जन्म घालवला, ऑपरेटर दत्तात्रेय म्हटलं की सगळी एमआयडीसी ओळखायची. कंपनी बंद पडली, आता कोलाडच्या रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतात. आणि मुलगी त्यांच्याच वाटेने निघाली तर तोंड कडू. आज जेवताना एकदाचे बोलले, "तिकडं मशिनीला हात लावू नको."

"बाबा, हात लावायलाच तर चाललेय."

ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काही वंगाळ बोलले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बॅग घ्यायला पेणला गेले आणि तिथून निशिगंधाकडे हमरापूरला. माझी वर्गमैत्रीण, दौऱ्यात खोलीही एकच. तिच्या घरी मूर्ती घडवतात, त्यामुळे नोव्हेंबरातही पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या भाद्रपदाचे गणपती आत्ताच भिंतीला टेकून बसलेत, सगळे बिनरंगाचे. व्हिएतनामच्या साहेबांना भेट द्यायला तिने वीतभर उंचीचा एक रंगवून ठेवलाय. बॅग कुठली घ्यावी यावरून आमचं भांडण झालं आणि शेवटी दोघींनी सारखीच घेतली.

संध्याकाळी कोलाडला गेले तेव्हा नाक्यावर बायजाकाकीने हाक मारली. ती तिथे भाजी विकते. तिचे यजमान नाथाकाका बाबांच्याच शिफ्टला होते, जिवाचे जोडीदार. मी सहावीत असताना ते प्लांटमध्ये भाजून गेले. ऑपरेटरची चूक, असं चौकशीत ठरलं, त्यामुळे काकीच्या मुलाला बापाच्या जागेवर घेतलं नाही. काकी कधी त्याबद्दल बोलत नाही. आज तिने कडव्या वालांची पुडी माझ्या हातात कोंबली.

"तिकडं काय मिलंल नाय मिलंल. भिजत घाल नि खा गो. पोटाला आपला काय तरी पायजे."

बाबा मात्र भाजी कायम पुढच्या टपरीवरून आणतात. मागे एकदा विचारलं तर म्हणाले, बायजाकडे महाग असते. काकीइतकी स्वस्त भाजी अख्ख्या नाक्यावर कोणी देत नाही. बाबांचं गणितच वेगळं.

३ डिसेंबर, बुधवार. हनोई

पोचलो. विमानात भीती वाटली, पण प्रणितला माझ्याहून जास्त वाटली, त्यामुळे माझी निघून गेली. जिते गावचा हा वाघ, कॉलेजात सगळ्यांना दम देत फिरतो, विमान हललं की "अगो आई" करत होता.

इथे अख्खं गाव रस्त्यावर जेवतं. बालवाडीत असतात तशी प्लास्टिकची बुटकी स्टुलं, मधे पातेलं, आणि म्हातारेकोतारे गुडघे छातीशी घेऊन खातायत. एक बाई तांदळाच्या पिठाचं घावन करत होती, पण तव्यावर नाही, उकळत्या पातेल्यावर कापड ताणून त्यावर वाफेने. मी तिच्यासमोर बसून चार खाल्ली. निशिगंधा नुसता भात खातेय आणि हर्षद सर स्वतः आणलेला पाकिटातला उपमा गरम पाण्यात भिजवून खातात. घर सोडून कशाला येतात ही माणसं?

५ डिसेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते रांगेने लिहिते, नाहीतर शेवटचं आधी लिहून बसेन.

कारखाना शहरापासून लांब, भातशेतांच्या मधोमध. आम्हाला फिरवायला लिएन नावाची मुलगी होती, शिफ्ट इंजिनिअर. माझ्याहून थोडीच मोठी. हेल्मेट तिला मोठं होतं म्हणून सारखी मागे सारायची. इंग्रजी तिचंही माझ्यासारखंच धडपडत चालणारं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. निशिगंधाचा गणपती तिने दोन्ही हातांत घेतला आणि वाकून नमस्कार केला.

शेवटी ती आम्हाला नव्या शेडमध्ये घेऊन गेली. शेड नवी, पण मशीनं जुनी, बाहेरून विकत आणलेली. सोमवारपासून तिथे उत्पादन सुरू होणार आणि ते तिच्या हाताखाली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय, आईला अजून खरं वाटत नाही, असं सांगताना ती लाजली. मग एका रिअ‍ॅक्टरपाशी, रसायनं शिजवायच्या मोठ्या टाकीपाशी, थांबून म्हणाली, "तुम्ही इंडियाचे ना? मग हे काय आहे ते सांगा. आम्ही विकणाऱ्याला विचारलं, त्याला माहीत नाही."

मी बघितलं आणि अंगावर काटाच आला. वरून हिरवा रंग नवा मारला होता, पण पायावर पांढऱ्या ऑईलपेंटने काढलेला मराठी ७ तसाच होता. आणि बाजूच्या, सॅम्पल काढायच्या वॉल्व्हवर शेंदूर. साधा टिळा नव्हे. तेलात कालवून वर्षानुवर्षं थापलेला, म्हसोबाच्या दगडावर असतो तसला जाड थर, वॉल्व्हचं चाक त्यात बुडून गेलेलं. हा तर आमच्या रोह्याचा सात नंबरचा देव!

दसऱ्याला कंपनीत घरच्या माणसांना आत सोडायचे. झेंडूचे हार सगळ्या मशिनींना, पण नारळ फुटायचा तो सात नंबरपुढे. नाथाकाका गेले त्या वर्षीच्या दसऱ्यापासून हा देव बसला. कामगारांनीच बसवला, प्लांटची राखण व्हावी म्हणून. बाबा मला लांबूनच हात जोडायला लावायचे, जवळ जाऊ द्यायचे नाहीत. कंपनी बंद पडल्यावर मशिनी ट्रेलरवर चढून गेल्या, त्या भंगारात गेल्या असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि हा देव इथे, समुद्रापलीकडे, आमच्या आधी येऊन उभा!

वॉल्व्हला त्यांनी पिवळा टॅग बांधला होता, 'कळेपर्यंत उघडू नये' असा. लिएनने विचारलं, "लाल रंग म्हणजे धोका का?"

सगळे माझ्याकडे बघत होते, त्यांचे दोन साहेबसुद्धा. मी म्हटलं, नाही नाही, धोका नाही, हा देव आहे. माझ्या वडिलांच्या कारखान्यातला देव. कामगार याची पूजा करायचे. हा आशीर्वाद आहे.

"म्हणजे वॉल्व्ह चांगला आहे?"

"सगळ्यांत चांगला," मी म्हटलं. "म्हणून तर त्याचा देव केला."

हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मला कोणी शिकवलेलं नव्हतं. पण बोलले तेव्हा अगदी खरं वाटलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने लिएनला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तिने खिशातून कात्री काढून टॅग कापला आणि माझ्यासारखेच हात जोडले. हर्षद सर माझ्या कानात म्हणाले, "ऋतुजा, तुझं काम झालं समज."

बाबांच्या हातची मशीन मला परक्या देशात भेटली. मी बाजूला जाऊन थोडी रडलेसुद्धा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिएन आम्हाला बाजारात खायला घेऊन गेली. गोगलगायींचा रस्सा! ताटल्या भरभरून, आणि टाचणीने आतला जीव ओढून काढायचा. आपल्याकडचे खाडीतले खुबे खाल्लेल्याला त्यात नवल नाही. मी आणि लिएन पैजेवर खात होतो, निशिगंधा डोळे मिटून बसली होती.

मधेच मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गेटवर खुर्चीत होते. लिएनने टाचणी हलवत "हॅलो फादर" म्हटलं. बाबा ओशाळून हसले. मग मी सात नंबरचा फोटो पाठवला आणि म्हटलं, ओळखा बघू.

बाबांचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ह्यो तिकडं कसा आला?"

"विकला असणार. हिच्याच शेडमध्ये आहे बाबा. सोमवारी चालू करणार."

"त्याला हात लावू नको म्हणावं."

"का?"

"नको म्हणावं तिला. कुणीच नको. द्येव हाय तो." मागे गाडीचा हॉर्न वाजला, कोणी पाहुणे आले होते. "सांग तिला, ऋतुजा. सांगशील ना?" एवढं बोलून गेट उघडायला गेले.

बाबांना देवाचं एवढं कधीपासून लागलं? घरात दिवासुद्धा आईच लावते. पण वडिलांचा शब्द म्हणून मी लिएनला सांगितलं, माझे वडील म्हणतात देवाला अस्वच्छ हात लावू नका. ती गंभीर झाली, म्हणाली, आमच्याकडेही आजोबांच्या देव्हाऱ्याला तसंच असतं. मी आधी हात धुईन.

७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस बोटीवर. पाण्यातून वर आलेले डोंगर, सुंदर आहेत, लिहायला मात्र काही सुचत नाही.

किनाऱ्याला लागल्यावर फोनला रेंज आली तर बाबांचे कॉल येऊन पडलेले. आवाजातला एकच निरोप, पुन्हा पुन्हा: "सांगितलास का तिला?" मी उलट निरोप टाकला, सांगितलं हो, काळजी करू नका, सोवळं पाळणार आहे ती.

तरी मनाला बरं वाटेना म्हणून हर्षद सरांना बोलले, की बाबा म्हणतायत त्या वॉल्व्हला कोणी हात लावू नये. सर वैतागले. "आत्ता तुझं नाव वर गेलंय. कारखान्याला फोन करून आमच्या देवाला शिवू नका असं सांगणार? उद्या म्हणतील, मुलगी अंधश्रद्धाळू आहे."

बरोबरच आहे त्यांचं. आणि खरं सांगायचं तर मलाही फोन करायचा नव्हता. शुक्रवारी सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला घालवायची नव्हती.

८ डिसेंबर, सोमवार

बाजारहाट. आईला रेशमी स्कार्फ, बाबांना टोपी.

लिएनचा सकाळीच फोटो आला. सात नंबरपुढे उभी, हेल्मेट मागे सरलेलं, दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे. खाली लिहिलंय, 'धुतले!' मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

१० डिसेंबर, बुधवार. खांब

घरी. आईने उकडीच्या तांदळाचा भात आणि सोड्यांचं कालवण केलं होतं, मी माणसात आले.

बाबांनी टोपी हातात घेऊन नुसती फिरवली. पहिला प्रश्न, "चालू झाला का?"

म्हटलं, "सोमवारीच. बाबा, काय लावलंय तुम्ही?"

"तिचा फोन आला काय?"

नाही आला. सोमवारनंतर लिएनने माझा एकही निरोप बघितलेला नाही. नवीन काम, वेळ नसेल. बाबा जेवले नाहीत. तब्येत बघायला हवी त्यांची.

१३ डिसेंबर, शनिवार

लिएनच्या नंबरावरून निरोप आला. तिने लिहिलेला नव्हता. तिच्या बहिणीने, इंग्रजीत, मशीनकडून भाषांतर करून घेतलेला.

लिएन इस्पितळात आहे. सोमवारी दुपारी ती सॅम्पल काढायला गेली. वॉल्व्हचं चाक फिरवताच अख्खा वॉल्व्ह आट्यांतून सुटून उडाला आणि आतलं उकळतं आम्ल तिच्या तोंडावर, छातीवर आलं. ती शुद्धीवर नाही. पुढे लिहिलंय, 'कारखाना म्हणतो, चूक तिची. टॅग तिने स्वतःच्या मनाने कापला. माझी बहीण फार सावध आहे, ती असं करणार नाही. तिच्या फोनमध्ये शेवटचं बोलणं तुमच्याशी आहे. तुम्हाला काही माहीत आहे का?'

मला माहीत आहे.

पण साहेबांना कसं माहीत नाही? ते तिथेच उभे होते. टाळ्या वाजवत होते.

१४ डिसेंबर, रविवार

आईने बाबांचा डबा माझ्याकडे दिला. रिसॉर्ट पर्यटकांनी भरलेलं, लाइफ जॅकेट घातलेली मुंबईची माणसं गेटातून नदीकडे ओरडत चाललेली. मी डबा ठेवला आणि मोबाइल बाबांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून मराठीत सांगितलं. गेटवर, उभ्या उभ्या.

बाबा खुर्चीत बसले. मग बोलले, ते जसं बोलले तसंच लिहिते.

"त्या वाल्वचे आटे आम्लानं खाल्लेले व्हते. गलायचा. मी सायबाला तोंडी सांगितला व्हता, बदला म्हणून. बदलतो म्हनला. मी रजेवर गेलो नि नाथाने खोलला. मंग चौकशी बसली. मला इचारला, वाल्व खराब व्हता काय? सायब समोरच बसलेला. मी म्हनलो, मला म्हाईत नाय."

"आणि शेंदूर?"

"वाल्व त्यांनी बदललाच नाय, तोच परत बसवला. बदलला असता तर नाथाची चूक नाय, त्यांची चूक हाय, असा झाला असता. आमी तिथं बोर्ड लावला, दुसऱ्या दिशी काढून टाकला. नवी पोरा कामाला येत, कोन बिहारचा, कोन ओडिशाचा, मराठी कुनाला वाचता येतंय? मंग शेंदूर फासला. शेंदूर सगल्यांना वाचता येतो. नि बोर्ड सायब काढंल, द्येव कोन काढतो?"

शेंदूर म्हणजे लांब राहा. इतकं साधं. वर्षानुवर्षं तो वॉल्व्ह कोणी उघडला नाही, सॅम्पल दुसरीकडून काढत राहिले, एकही पोरगा भाजला नाही. परदेशात एक मुलगी बरोबर तेच विचारत होती, लाल म्हणजे धोका का, आणि मी तिला नाही म्हटलं. तीन वर्षं केमिकल शिकून.

"बाबा, तेव्हा फोनवर हे का नाही बोललात? देव देव काय करत बसलात?"

"तोंडातनं भाईर नाय आला गो. इतक्या वरसांत कंदीच नाय आला. तुज्या आयेला पन म्हाईत नाय." एक गाडी आली, ते उठले, गेट उघडलं, सलाम ठोकला आणि परत येऊन बसले.

मला त्यांचा भयंकर राग आला. डबा तिथेच टाकून निघाले. नाक्यावर बायजाकाकी होती. तिने हाक मारली, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या टपरीपाशी जाऊन रिक्षात बसले.

१५ डिसेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं, दौऱ्याच्या एजंटकडून. दार लावून घेतलं त्यांनी. "हे बघ, तू पाहुणी होतीस. पाहुण्याच्या बोलण्यावर वॉल्व्ह उघडायचा नसतो, हे त्यांना समजायला हवं होतं. जबाबदारी त्यांची. तू काही लिहून दिलंस तर कॉलेज अडकेल, पुढच्या वर्षीच्या पोरांचा दौरा बंद. आणि तुझं ट्रेनिंग..." ते थांबले. "तुझं सिलेक्शन झालंय. शुक्रवारी यादी आली."

मला आनंद झाला. एक क्षण, पण झाला. तो कुठे पुसू?

बाबा म्हणतात, थांब जरा. पोरगी बरी होईल, मग बघू. आई विचारते, काय बिनसलंय दोघांचं. लिएनची बहीण वाट बघतेय. मी तिला लिहिलं, 'मी प्रार्थना करते.' फक्त तेवढंच. दुसरं काही लिहायला बोटं वळली नाहीत. बाबांचीच मुलगी मी.

१८ डिसेंबर, गुरुवार

सरांना रोजनिशी दिली, वार्षिकासाठी. भारावून गेलो, सगळं आहे त्यात.

निशिगंधाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, तुझी काय चूक. ती म्हणाली, "मी तिथंच व्हते. मी पण टाल्या वाजवल्या."

२१ डिसेंबर, रविवार

लिएन काल गेली.

बहिणीचा निरोप सकाळी आला. रागाचा एक शब्द नाही त्यात. माझ्या प्रार्थनेबद्दल आभार मानलेत. कारखान्याने शेवटपर्यंत चूक लिएनचीच धरली, पण माणसं चांगली आहेत, असं लिहिलंय. तिच्या शिफ्टच्या मुलांनी सात नंबरपाशी तिच्यासाठी अगरबत्त्यांचं भांडं ठेवलंय, साहेबांनी हरकत घेतली नाही. फोटो पाठवलाय. रिअ‍ॅक्टर तसाच उभा, भोक पडलेल्या जागी त्याच जातीचा एक जुनाट वॉल्व्ह परत बसवलेला, त्याच आट्यांवर. खाली वाळूत रोवलेल्या अगरबत्त्या, संत्री, पाण्याचा पेला. लिहिलंय, 'आता त्याला कोणी हात लावत नाही. सगळे लांबूनच नमस्कार करतात.'

फोटो घेऊन मी मागच्या पडवीत गेले. बाबा वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी फोटो पुढे धरला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तिकडं पन बसवला," म्हणाले.

"मी लिहिणार आहे बाबा. सर काय म्हणायचं ते म्हणू देत."

मला वाटलं, थांब म्हणतील. त्यांनी सरकून मला बसायला जागा केली.

मी त्यांच्याशेजारी बसून लिहिलं. टॅग लिएनने मनाने कापला नाही. वॉल्व्ह चांगला आहे असं तिला मी सांगितलं, तिच्या दोन साहेबांसमोर, आणि ते खोटं होतं. तिने धोका आहे का असं विचारलं होतं. तिची चूक नाही. अगरबत्त्या काढा, वॉल्व्ह बदला, बदलेपर्यंत मशीन बंद ठेवा. हे कुठेही, कोणाहीसमोर सांगायला मी तयार आहे. खाली पूर्ण नाव, गाव. कारखान्याचा मेल पत्ता दौऱ्याच्या कागदावर होता, तिथे आणि बहिणीला, दोन्हीकडे. ट्रेनिंगला येणार नाही हेही त्यातच घातलं.

"काय लिवलास ता वाच," बाबा म्हणाले. मी मराठीत वाचलं.

"माजा नाव घाल. वाल्व खराब हाय ह्ये दत्तात्रेयला आधीपासनं म्हाईत व्हता, असा लिव्ह."

घातलं.

मी पाठवायला बोट उचललं तर त्यांनी मनगट धरलं. "नाथाचा पन लिव्ह. त्याची पन चूक नव्हती."

तेही लिहिलं आणि पाठवलं. बाबांनी शेंगांची टोपली बाजूला सारली, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बटणं लावत म्हणाले, "चल. बायजा नाक्यावर असंल आता."

आम्ही निघालो.